परराज्यातील इसम

मोहटोला, ता. तुमसर
२ फेब्रुवारी १९८२

तुलाराम,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पत्र तू चुलीत घालशील, म्हणून आधीच सांगतो. हे मी स्वतःसाठी लिहीत नाही, तुझ्या भाच्यासाठी लिहितो आहे. वाचून झाल्यावर घाल खुशाल.

इश्वर वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला. आंबागडच्या बाजूचंच जंगल मिळेल म्हणतात. त्याचं चोविसावं सरलं आहे, पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाईल. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. आता एकच कागद अडला आहे, अधिवासाचा दाखला. हा पोरगा महाराष्ट्राचा रहिवासी आहे असं तहसिलीने लिहून द्यायचं, आणि तो दाखला पंधरा एप्रिलच्या आत जंगल खात्यात पोचायला हवा.

तहसिलीत भैय्याजी म्हणून बाबू आहेत. त्यांनी शाळेचा दाखला चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "पाटील, पोरगा तं मध्यप्रदेशचा हाये ना जी. जन्म सालईटेकडी, जिल्हा बालाघाट. चवथीपर्यंतची शाळाबी तिकडचीच."

मी हसलो. म्हटलं, "बाबूसाहेब, पयलं बाळंतपण पोरीच्या मायघरी होत असते. तिचं मायघर नदीच्या त्या थडीले हाये, त्याले मी काय करू? आन् तवा आमच्या गावात शाळाच नवती."

"मले समजते ते. कागदाले नाही समजत."

तूच सांग, मी रुखमाला मागणी घालायला आलो तेव्हा ही नदी नुसती नदी होती की नाही? दोन्ही थड्या एकाच राज्यात, राजधानी नागपूर. तू आणि मी तुमसरच्या एकाच शाळेत एकाच मास्तरच्या छड्या खाल्ल्या. छप्पन्न साली कोणीतरी नकाशावर रेघ ओढली. राज्यं भाषेप्रमाणे वाटायची होती म्हणे. आपल्या नदीला कोणती भाषा येते हे मात्र कोणी विचारलं नाही. सुना त्या थडीच्या आणि पोरी त्या थडीला दिलेल्या, हा क्रम काही मोडला नाही. त्यामुळे आज आमच्या गावात घरोघरी थोरलं लेकरू परराज्यातलं आणि धाकटी सगळी इथली, अशी गंमत झाली आहे. एरवी मीही या गोष्टीवर चावडीत हसलो असतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या गावचा पटेल तू आहेस. गावचा चौकीदार कोटवार जन्माचं जे बुक लिहितो, ते तुझ्याकडेच असतं. अठ्ठावन्न सालचं बुक वाळवीने खाल्लं असेल, पुरात भिजलं असेल. "अशी नोंद आढळत नाही" एवढी एक ओळ लिहून शिक्का मारून दे. पुढचं मी पाहून घेईन.

रुखमा बरी आहे. तुला पत्र लिहितो आहे हे तिला सांगितलेलं नाही. नदीतल्या वाडीवाल्या डोमाच्या हाती पाठवतो आहे. टपालाने टाकलं तर अर्ध्या कोसावरचं हे पत्र दोन जिल्हे फिरून तुला होळीला मिळेल.

आनंदराव

*

मोहटोला
२३ फेब्रुवारी

तुलाराम,

डोमा म्हणतो, तू पत्र वाचलंस, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलंस आणि त्याला विचारलंस की डांगरं केव्हा निघतील. वा रे पटेल! डोमाची डांगर-टरबुजांची वाडी नदीच्या रेतीत अगदी मधोमध आहे. वेल तुमच्या राज्यात आणि फळ आमच्या राज्यात. त्याला कोणी दाखला मागत नाही, म्हणून तुला बोलायला तोच विषय सापडला असेल.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. ती आता लिहिणं भाग आहे.

तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मी तहसिलीत प्रतिज्ञापत्र देऊन बसलो होतो. इश्वर मोहटोल्यातच जन्मला, शाळेत मास्तरने चुकून मामाच्या गावचं नाव टाकलं, असं. मला वाटलं, तुझी एक ओळ आली की दोन्ही कागद एकमेकांना टेकून उभे राहतील. तुझी ओळ आली नाही. आणि भैय्याजींनी काय करावं? त्यांनी चौकशीचा कागद थेट तुमच्या तहसिलीला धाडला. सरहद्दीवरचे लोक दोन्हीकडून दाखले काढतात आणि दोन्हीकडे नोकऱ्या मागतात, म्हणून असा नियम झाला आहे म्हणे. तुमच्या तहसिलीतून तो कागद गावच्या पटेलाकडे येणार. म्हणजे तुझ्याकडे.

त्यात दोनच प्रश्न आहेत. मी नक्कल पाहून आलो. पहिला, सदर अर्जदाराचा जन्म आपल्या गावी झाला काय? दुसरा, सदर अर्जदार आपल्या राज्याचा रहिवासी आहे काय?

तू पहिल्याला हो लिहिलंस की माझं प्रतिज्ञापत्र खोटं. पोलीस पाटील असून खोटं लिहून दिलं, म्हणजे माझी पाटीलकी गेलीच. ती जाऊ दे. पण पोराच्या नावापुढे खोट्या कागदाचा शेरा बसला तर त्याला कोणत्याही खात्यात कोणी उभं करणार नाही. आणि दुसऱ्यालाही हो लिहिलंस तर विचारायलाच नको. तुला दोन वेळा "हो" लिहायचं आहे, बस. इतका स्वस्त सूड कोणाला मिळत नाही.

मी तुला ओळखतो. तू तसा नाहीस. पण नऊ वर्षांत माणूस कसा होतो हे मला काय माहीत? उत्तर पाठव.

आनंदराव

*

मोहटोला
१२ मार्च

तुलाराम,

होळी झाली. तुझं उत्तर नाही.

रुखमाला कळलं. डोमाच्या बायकोने सांगितलं, आणि कसं सांगितलं तर, "पाटील तुमच्या भावाले चिठ्ठ्यावर चिठ्ठ्या लिवून राहिले ना बाई." मी दारात पाय ठेवला तर ही तांदूळ निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?"

"म्हटलं, काम झालं का सांगू."

"नऊ वरसं झाली. माया भावाले चिठ्ठी लिवाची तं पोराची नौकरी अडा लागली. मी अडून होती तवा तुमाले कागद भेटला नाही." मग सूप आपटून म्हणाली, "तुमचा रिपोट लिवून झाला. माया मायची माती मी पायली नाही."

तुझी आई गेली त्या दिवशी तू तारखेवर भंडाऱ्याच्या कोर्टात होतास, तुलाही तिला अग्नी देता आला नाही. दोन्ही गावांचं जाणंयेणं बंद, रुखमाला कळलं तेच तिसऱ्या दिवशी; ती नदी उतरून गेली, आणि तू तिला दारातून परत लावलंस. रिपोटवाल्याची बायको म्हणालास. तुझ्यावर राग धरायला मला ही एक गोष्ट पुरली आहे. पण ती तरी कशातून निघाली?

काल इश्वरनेही तेच विचारलं. त्याला मामाची फार आठवण आहे. डोहात त्याला पोहायला तूच शिकवलंस. म्हणाला, "बाबा, तुमी रिपोटात मामाचं नाव काहून टाकलं होतं?"

मी त्याला सांगितलं ते तुलाही सांगतो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नदी आटली होती. शिमग्यानंतर दोन्ही गावं मिळून रेती-बांबूचा बंधारा घालायची, पाळीपाळीने पाणी घ्यायची, हा बापजाद्यांचा रिवाज. त्या साली तुमच्या सरकारने सांगितलं पाणी आमचं, आमच्या सरकारने सांगितलं पाणी आमचं. अकतीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी बंधारा फुटलेला दिसला. दोन्हीकडची माणसं लाठ्या घेऊन उतरली आणि आमच्या सुखरामचा डोळा गेला. डोळा गेल्यावर ठाण्याला रिपोर्ट द्यावाच लागतो. ज्यांच्या हाती लाठी दिसली त्यांची नावं मी लिहिली. तुझ्या हाती लाठी होती. माझा हुद्दा होता, मी तो पाळला. एवढंच.

इश्वरने ऐकून घेतलं आणि बाहेर गेला. त्याने मान हलवली नाही हे माझ्या लक्षात आलं.

तुलाराम, तो कागद तुझ्यापर्यंत आला का? काय लिहिलंस? नुसतं डोमाला सांग, चांगलं की वाईट. मग मी काहीतरी धावपळ करीन.

आनंदराव

*

मोहटोला
२ एप्रिल

तुलाराम,

तेरा दिवस उरले.

तुमसरला दर दोन दिवसांनी जातो आहे. भैय्याजी मला लांबून पाहिलं तरी मान हलवतात, नाही म्हणून. एकदा धीर करून विचारलं की कागद आहे तरी कुठे. त्यांनी हिशोब सांगितला. तुमसरहून कागद भंडाऱ्याला कलेक्टरकडे, तिथून बालाघाटच्या कलेक्टरकडे, तिथून तुमच्या तहसिलीला, तिथून तुझ्याकडे. उत्तरही याच वाटेने उलटं. मी म्हटलं, "बाबूसाहेब, मी माया घराच्या पडवीत उभा राहून त्याचं घर पाहू शकतो."

"तुमी पाहू शकता जी," ते म्हणाले. "महाराष्ट्र शासन नाही पाहू शकत."

भंडाऱ्याला जाऊन आलो. तिथे म्हणतात, बालाघाटहून आलं नाही. इश्वर सायकल मारून बालाघाटला गेला. तिथे म्हणतात, गेलं असेल. असेल! आणि वर त्याला विचारलं, तू कुठला? मोहटोल्याचा म्हटल्यावर, "तो महाराष्ट्र में पूछो." इथे विचारलं तर मध्यप्रदेशचा. इश्वर परत आला तो काही न खाता अंगणात बसला. "बाबा, मी हाये तरी कोठचा?" असं त्याने एकदाच विचारलं, ओरडून नाही, साधंच. मी बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून उठलो.

काल मी नदीपर्यंत आलो होतो. डोमाच्या वाडीत उभा राहिलो. तुझ्या छपराचे कवेलू दिसत होते, आवारातलं मोहाचं झाड दिसत होतं. आणखी चारपाचशे पावलं टाकली असती तर तुझ्या दारात आलो असतो. डोमा म्हणाला, "जा ना जी पाटील, तो काही खात नाही." मी एक डांगर घेऊन परत आलो.

पण आज सकाळी एक काम केलं. भैय्याजींच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, माझं प्रतिज्ञापत्र खोटं आहे, पोरगा सालईटेकडीलाच जन्मला, काय करायचं ते करा. त्यांनी फायलीतून तो कागद काढून माझ्या हातात ठेवला. "हा मी पायलाच नाही," म्हणाले. "पण आता तुमाजवळ काहीच नाही पाटील. तुमच्या साळ्याचं उत्तर आलं तं ठीक, नाही तं पंधरा तारखेले माया हात बांधले."

म्हणून आता वेगळी विनंती करतो. पहिल्या पत्रातलं विसर. खोटं लिहू नकोस. जे आहे ते लिही, पण लिही.

आनंदराव

*

मोहटोला
१६ एप्रिल

तुलाराम,

दाखला मिळाला. काल, पंधरा तारखेला, दुपारी तीन वाजता. इश्वर तो घेऊन एस.टी.ने पळाला आणि पाचच्या आत जंगल खात्याच्या ऑफिसात पोचला. त्याचं नाव लागलं.

मी भैय्याजींना विचारलं, बालाघाटचा कागद शेवटी आला वाटतं? ते हसले. "तो अजून वाटेतच हाये. एक धोतरवाले बुढे आले होते सकाळी. भंडाऱ्याच्या ऑफिसातून शेरा घेऊन, मोटारस्टँडवरून पायी-पायी, घामाघूम. म्हणाले, डाकवर भरोसा नाही, दुसरी नक्कल हाती आणली." भैय्याजींनी त्यांना पाणी दिलं, चहा विचारला. तू चहा घेतला नाहीस म्हणे.

बुढे म्हणाले तुला! माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेस तू. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मी तो कागद वाचायला मागितला. तुझी हिंदी आपल्या मास्तरला आवडली असती. भैय्याजींच्या परवानगीने उतरवून घेतला आणि आता पाठ झाला आहे.

"लड़का मेरी बहन का है. जन्म मेरे घर में हुआ, क्योंकि हमारे यहाँ बेटी की पहली जचकी मायके में होती है. चौथी तक मेरे घर पढ़ा, क्योंकि उधर स्कूल नहीं था. रहने वाला वह मोहटोला का है. घर, खेत, माँ-बाप सब उधर हैं. मामा होने के सिवाय हमारा इस पर कोई दावा नहीं."

भैय्याजींनी माझ्याहीपुढे पाण्याचा पेला केला.

रात्री उशिरा घरी पोचलो, आज सकाळी रुखमाला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "थो आला कोणत्या वाटेनं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती उठली आणि तडक डोमाच्या वाडीवर गेली. डोमाने आधी आढेवेढे घेतले, तू त्याला शपथ घातली होतीस. पण रुखमापुढे कोणाची शपथ टिकते?

डोमाने सांगितलं, "परवाच्या दिसी सकाळी नदी उतरून आले जी. तुमच्याच गल्लीनं गेले. तुमच्या दारापाशी थोडसे थांबले. मले वाटलं, आता जातेत आत. तं पागोटं सोडलं, पुन्हा बांधलं, आन् गेले मोटार पकडाले. काल येतानीबी तसेच. म्या म्हटलं, बाईले भेटून जा ना. तं म्हणे, तो घर पाटलाचा हाये, आपन पडलो परराज्यातले मानूस."

रुखमा वाडीतून परत आली ती दारातच बसली. नेमकी कुठे थांबला असशील ती जागा ती हाताने चाचपत होती. रडली नाही. "माया दारावरून गेला," एवढंच म्हणाली. दिवेलागणीपर्यंत तीच गोष्ट चार वेळा म्हणाली.

पोराची नोकरी लागली आणि घरात कोणी गोड केलं नाही.

आनंदराव

*

मोहटोला
२४ एप्रिल

तुलाराम,

"परराज्यातील इसम" हे शब्द माझे आहेत. त्या रिपोर्टात मीच ते तुझ्या नावाआधी लिहिले होते. ठाणेदाराने सांगितले नव्हते, कायद्याने मागितले नव्हते. मला वाटलं, वजन येईल. तसंच भैय्याजी माझ्या पोराला म्हणाले तेव्हा मला नियम जाचक वाटला. मी लिहिले तेव्हा हुद्दा वाटला होता.

इश्वरला मी जे सांगितलं आणि तुला १२ मार्चला जे लिहिलं, ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहितो, आणि नुसतं पत्रात लिहून भागणार नाही म्हणून गुरुवारी ठाण्यात गेलो होतो. म्हटलं, माझा त्र्याहत्तरचा रिपोर्ट दुरुस्त करायचा आहे. नवीन ठाणेदार पोरसवदा आहेत. म्हणाले, "पाटील, केस सुटून सहा वर्षं झाली, सगळे निर्दोष सुटले, आता काय दुरुस्त करता? जुने कागद माझ्याकडे नाहीत." खोटं लिहायला सरकारजवळ जागा होती, खरं लिहायला नाही. म्हणून तेच खाली लिहितो.

काल सुखरामकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुलारामनं मले वाचवलं, हे मले ठाऊकच होतं जी. तुमाले ठाऊक हाये का नाही, हे मले ठाऊक नवतं." नऊ वर्षं हा माणूस रोज मला रामराम घालत होता.

*मी, आनंदराव, पोलीस पाटील, मौजा मोहटोला, लिहून देतो ऐसा जे, दिनांक ५ मे १९७३ रोजी, अकतीच्या दिवशी, सदर तुलाराम हा बंधाऱ्यावर भांडायला आला नव्हता. तो सकाळीच बहिणीसाठी नवी घागर आणि आंबे घेऊन माझ्या घरी आला होता आणि माझ्या अंगणात खाटेवर बसून जेवत होता. नदीवर ओरडा झाला तेव्हा तो ताट सोडून माझ्यामागे धावला. त्याच्या हातात जी लाठी दिसली, ती त्याने सुखरामला मारणाऱ्याच्या हातून हिसकली होती. हे मी दहा हातांवरून पाहिलं. तरी यादीत त्याचं नाव मी पहिलं लिहिलं. कारण सगळा गाव माझ्या लेखणीकडे पाहत होता, पाटील साळ्याला वाचवतो का म्हणून, आणि मी भ्यालो. या भीतीपायी तो सतरा दिवस आत राहिला, त्याचे धानाच्या रोपांचे पऱ्हे पेरायचे राहिले आणि त्याची आई त्याला न पाहता गेली. सदर इसम परराज्यातील नाही. माझ्या बायकोचा भाऊ आहे.*

खाली सही केली आहे, पाटीलकीचा शिक्का मारला आहे आणि सुखरामने साक्षीचा अंगठा लावला आहे. कोणाला दाखवायचं त्याला दाखव. रुखमाला आणि इश्वरला मी काल वाचून दाखवलं. इश्वर संध्याकाळी माझ्या ताटाला ताट लावून जेवायला बसला. रुखमा अजून माझ्याशी बोलत नाही. तिचा हक्कच आहे.

परवा, सोमवारी, अकती आहे. रुखमा आपल्या पायांनी तुझ्याकडे येणार नाही. भाऊ न्यायला आला तरच बहीण अकतीला माहेरी जाते, आणि हा रिवाज मोडायला ती तयार नाही. मी घरी असावं असं तुला वाटत नसेल तर डोमाजवळ सांग, मी दिवसभर शेतावर जाईन.

अंगणात तीच खाट टाकली आहे. तुझं जेवण अर्धं राहिलं होतं.

आनंदराव